बोटीवरच्या स्टोव्हची पापणी

त्या रविवारी विशेष काहीच घडलं नाही, आणि उज्ज्वलाला पुढे त्याचाच राग येत राहिला. विशेष घडलं असतं तर तिनं लक्ष तरी दिलं असतं. वाशीमच्या एका कॉलेजात ती एकवीस वर्षं ग्रंथपाल होती. पुस्तकांकडे लक्ष देणं हा तिच्या पोटापाण्याचाच भाग. माणसांच्या बाबतीत मात्र ती पानात खूण घालून ठेवायची आणि पुढे कधीतरी सावकाश वाचू म्हणायची.

सकाळच्या एसटीनं ती आसेगावला उतरली तेव्हा तिचे बाबा, ग्यानबा, घरी नव्हते. दाराला नुसती कडी होती. ती सरळ धरणाकडे चालू लागली. बांधावर चढल्यावर पाण्याच्या मधोमध एक मोठी पाटी सरकत येताना दिसली : ‘दहावी-बारावी. प्रवेश सुरू.’

ही ग्यानबांची शिडाची बोट. मच्छीमार संस्थेनं टाकून दिलेल्या फायबरच्या नावेला त्यांनी ठिगळं लावली होती, मधे बांबूची डोलकाठी उभी केली होती, आणि शिडासाठी कापड परवडेना म्हणून एका क्लासवाल्याचं जुनं फ्लेक्स शिवून घेतलं होतं. गावात कुणी ‘ग्यानबा कुठं हाये?’ विचारलं की लोक धरणाकडे बोट करून ‘प्रवेश सुरू हाये’ म्हणायचे.

एकतीस वर्षं ग्यानबांनी मुंबईत एका सेलिंग क्लबात दुसऱ्यांच्या शिडाच्या बोटी सांभाळल्या. घासल्या, रंगवल्या, मालक लोकांना घेऊन पार गोव्यापर्यंत नेऊन आणल्या. निवृत्त होऊन गावी आले ते तीन गोष्टी घेऊन : गुडघेदुखी, हत्यारांची पेटी, आणि मोडीत निघालेल्या एका बोटीवरचा स्पिरिटचा स्टोव्ह. बोटीच्या मालकानं तो त्यांना दिला होता. स्टोव्ह बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं तो बनवणं केव्हाच बंद केलं होतं. एका बर्नरचा, बिनपंपाचा. स्पिरिट ओतायला आत बोळा भरलेला डबा. आणि सगळा स्टोव्ह दोन खिळ्यांवर झुलत टांगायचा, म्हणजे बोट कितीही कलली तरी तो सरळ राहतो. आसेगावात आल्यावर पहिली चार वर्षं ग्यानबांनी तो घराच्या ओट्यावर टांगला होता. ओटा कलत नव्हता, त्यामुळे स्टोव्हला आपली हुशारी दाखवता येईना. शेवटी, लोक म्हणायचे, ग्यानबानं स्टोव्हसाठी बोट केली.

स्पिरिटच्या बाटल्यांवरून गावात आधी कुजबुज झाली होती. विहाराच्या कमिटीतले दोघे जण घरी येऊन बसले, पाणी प्याले, आणि पंचशीलातल्या पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाचा विषय हळूच काढला. ग्यानबा म्हणाले, “शील मी घेतलं हाये, स्टोव्हनं नाही. तो पेते, मी चहा पेतो.” त्यावर कमिटीनंही चहाच घेतला.

पण त्या रविवारी बोटीत चहा उज्ज्वलानं आणलेल्या थर्मासमधला होता, कारण स्टोव्ह अकरा महिने पेटला नव्हता. बोट काठाला आली, ती आत बसली. सुकाणूवर फुलसिंगकाका होते, तांड्यावरचे, मच्छीमार संस्थेचे सचिव, बाबांचे रोजचे सोबती.

“दे मंग,” बाबा कप पुढे करत म्हणाले. “गरम पाण्यात चहाची आठवण टाकून आणते ही पोरगी.”

“आठवण का असंना,” फुलसिंगकाका म्हणाले, “साखर तं बराबर हाये. तुह्या चहात तं स्पिरिटचा वास येत होता.”

“तुले वास येत होता म्हणून तीन-तीन कप पेत होता का?”

“वासासाठीच पेत होतो.”

उज्ज्वला हसली. तिला आठवतं, ऊन कोवळं होतं, वारा बेताचा. बाबांनी सवयीनं स्टोव्हला बोटानं धक्का दिला, तो दोन झोके घेऊन सरळ उभा राहिला. मग ते म्हणाले, “उद्या वाशीमले येतो. मोहनसिंगच्या लेथवर जातो.”

“कशाला?”

“पापणी करून घेतो. तुह्या इंटरनेटच्या भरवशावर राह्यलो तं या स्टोव्हवरचा चहा मी मेल्यावर माह्या पुण्यानुमोदनालेच होईन.”

“काहीतरी बोलू नका. आठ दिवस थांबा, बाबा. नॉर्वेच्या माणसाचं उत्तर येणार आहे.”

“तो नॉर्वेवाला बी म्हाताराच हाये म्हणते ना तू? त्याले घाई असंन, मलेबी हाये.”

ती गप्प बसली. गप्प बसणं हा तिचा सगळ्यात चांगला गुण आहे, असं तिच्याबद्दल सगळे म्हणत. खुद्द तिचंही तसंच मत होतं.

पापणी म्हणजे बर्नरच्या तोंडावर सरकणारी पितळेची अर्धगोल चकती. ती पुढे सरकवली की आच मंद होते, पूर्ण सरकवली की विझते. हे नाव ग्यानबांनीच ठेवलेलं. अकरा महिन्यांपूर्वी ती स्टोव्हवरून नाहीशी झाली होती. आणि या अकरा महिन्यांत आसेगावपासून नॉर्वेपर्यंत तिचा शोध घेणाऱ्या उज्ज्वलाला ती कुठं आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती कॉलेजच्या ग्रंथालयात, उज्ज्वलाच्या टेबलाच्या डाव्या खणात, हरवलेल्या पुस्तकांच्या फाइलखाली होती.

तिनंच ती चोरली होती.

झालं असं, की आदल्या मार्चमध्ये अशाच एका रविवारी भर दुपारी बाबा स्टोव्ह पेटवत होते. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. ती लागली की नाही हे पाहायला बाबा तुराटीची एक काडी वर धरायचे. काडी धुमसली की समजायचं, पेटला. त्या दिवशी काडीच्या आधी त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ज्योतीवर गेला. न दिसणाऱ्या आगीत रुमालाचं टोक काळं होत गेलं आणि उज्ज्वला ओरडली. बाबांनी शांतपणे रुमाल धरणात बुचकळला.

“ओरडते काहून? पाण्यावर बसलो हावो. आग लागून लागून किती लागन?”

“तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात, बाबा. मी छोटा गॅस आणून देते.”

“बोटीत गॅस नाही ठेवत,” बाबा म्हणाले. मुंबईची एकतीस वर्षं त्यांच्या आवाजात आली. “गॅस हवेपक्षा जड. गळला तं तळाशी बसते, दिसत नाही, अन् एका काडीत बोट गायब. स्पिरिटची आग पाण्यानं विझते. म्हणून बोटीत हाच.”

बरोबर होतं. उज्ज्वलानं त्याच आठवड्यात चार पुस्तकं काढून खात्री करून घेतली. बाबांचं शब्दन् शब्द बरोबर होतं. पण बाबा बरोबर आहेत हे कळून तिची भीती कमी झाली नाही, उलट वाद घालायची सोय तेवढी गेली. पुढच्या रविवारी बाबा बोट बांधायला उतरले तेव्हा तिनं हेअरपिननं स्टोव्हची एक खिळी ढकलली, पापणी सुटली, ती पर्समध्ये टाकली. तिचा हिशेब पक्का होता. बाबांचा नियम होता, विझवता येत नसंन ते पेटवायचं नाही. पापणी नाही म्हणजे विझवणं नाही, म्हणजे पेटवणं नाही. बाबांच्या सावधपणावर तिचा एवढा विश्वास होता, की त्याच्याच जोरावर तिनं सावध माणसाच्या हातातलं एकमेव सुरक्षिततेचं साधन काढून घेतलं. एवढी पुस्तकं वाचलेल्या बाईनं केलेली ही उपाययोजना.

बाबांना वाटलं, पापणी पाण्यात पडली. त्यांनी दोरीला लोहचुंबक बांधून काठाचा तळ धुंडाळला. पितळ चुंबकाला चिकटत नाही हे उज्ज्वलाला माहीत होतं, बाबांनाही माहीत असणार, पण माणूस आशेवर असला की शास्त्र बाजूला ठेवतो. दोरीचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. मग फुलसिंगकाकांच्या माणसांनी जाळं टाकलं. जाळ्यात एक चप्पल, स्टीलचा पेला आणि दीड किलोचा रोहू आला. रोहूचं त्या दिवशी कालवण झालं. उज्ज्वलानं दोनदा वाढून घेतलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिनं ठरवलं, एवढ्यात नको, बाबांना स्टोव्हचा विसर पडू दे. पण बाबांना विसर पडला नाही. सोमवारी दुपारी दीड वाजता, वाचनकक्षात पेंगणाऱ्या चार पोरांसमोर तिचा फोन वाजला.

“उज्जू, तुह्या त्या कॉम्प्युटरवर पापणी मिळन का पाह्यनं जरा.”

ती व्हरांड्यात गेली आणि म्हणाली, बघते. खरंच तिनं बघितलं. खोटं बोलायचं तर नीट अभ्यास करून, ही तिची शिस्त. तिला जगभरच्या बोटवाल्यांची एक चर्चासाइट सापडली. तिथं याच बंद पडलेल्या स्टोव्हवर शेकडो म्हातारे एकमेकांशी भांडत होते : डब्याचं रबर कुठलं बसवावं, आतला बोळा बदलावा की वाळवावा, सुटे भाग कुणाच्या अडगळीत आहेत. उज्ज्वलानं नाव नोंदवलं. आठवड्याभरात सगळे तिला कॅप्टन म्हणू लागले. एकानं विचारलं, तुमची बोट कुठल्या समुद्रात असते? तिनं लिहिलं, अंतर्देशीय पाण्यात. दुसऱ्यानं विचारलं, तिथं भरती-ओहोटी किती असते? तिनं लिहिलं, ते पाटबंधारे खात्यावर अवलंबून आहे. यावर एका ऑस्ट्रेलियनानं, आमच्याकडेही सरकार असंच आहे, असं कळवलं. नॉर्वेच्या एका म्हाताऱ्यानं तर तिचा पत्ता मागून घेतला आणि अडगळीत पापणी शोधून बघतो, असं लिहिलं.

रोज दीड वाजता बाबांचा फोन. काय म्हणते तुहं इंटरनेट? मग ती सांगायची : आज एक जण म्हणाला, डब्याचं रबर कडक झालं की स्पिरिट उडून जातं. बाबा म्हणायचे, खरं हाये, पाह्यतो. दुसऱ्या दिवशी सांगायचे, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं कापून बसवलं. डब्याची जाळी फाटली तर स्टीलच्या चहागाळणीची जाळी बसवली. टांगायच्या आणि पापणीच्या खिळ्या सायकलच्या तारेच्या केल्या. न पेटणाऱ्या स्टोव्हची एवढी देखभाल जगात कुणी केली नसेल. मधूनच बाबा सांगायचे, एकदा रत्नागिरीच्या पुढं वादळात सापडलो होतो, बोट अशी आडवी, अन् या स्टोव्हवर खिचडी शिजून राह्यली होती, थेंब सांडला नाही. तुह्या आईले हे कधी सांगितलं नाही, तिनं मले परत जाऊ देलं नसतं. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. वादळाची ही गोष्ट उज्ज्वलाला त्या दिवशी व्हरांड्यात उभ्यानं कळली.

आधीची वीस वर्षं त्यांचा फोन पंधरवड्यातून एकदा आणि चार वाक्यांचा असे. जेवली का? जेवले. तब्येत? ठीक. ठेवतो. लहानपणी तर बाबा वर्षातून दोनदा यायचे, आंघोळीच्या साबणात मुंबईचा वास घेऊन, आणि तिला त्यांच्याशी काय बोलावं कळायचं नाही. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला रोज वीस मिनिटं बाबा मिळत होते, एका चकतीच्या भाड्यावर.

परत द्यायचं तिनं तीनदा ठरवलं. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीला गावी जाताना चकती पर्समध्ये होती. तशीच परत आली. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा. जानेवारीत तर ‘जुन्या सामानात सापडली’ असं वाक्यही पाठ केलं होतं. दर वेळी तिला वाटायचं, दिली की उद्या दीड वाजता फोन वाजायचा नाही. एक दिवस उशिरा पुस्तक आणणाऱ्या पोरांना ही बाई उभ्यानं झापायची. तिच्या खणात अकरा महिन्यांचं थकीत होतं, आणि झापणारं कुणी नव्हतं.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी दीड वाजला, फोन वाजला नाही. दोनला वाजला. नंबर बाबांचा, आवाज एसटीच्या कंडक्टरचा होता. बसमध्ये बसल्याजागीच, बाई. वाशीम यायला थोडंच राह्यलं होतं. आमाले वाटलं झोपले.

त्यांच्या खिशात आधार कार्ड, बसचं अर्धं तिकीट आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड कागद अर्धगोल कापलेला होता. त्यावर बाबांच्या अक्षरात : ‘पापणी. पितळ. माप याच्यावून घ्यावं.’ उज्ज्वलानं तो कागद हातात घेतला तेव्हा तिला माप चूक आहे हे कळलं. मिलिमीटरभर मोठं होतं. खरी चकती तिनं इतक्यांदा हातात घेतली होती, की डोळे मिटूनही तिला फरक सांगता आला असता.

पुण्यानुमोदनाला अर्धं गाव आणि अख्खा तांडा आला. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, भन्तेजींनी जलदान केलं. भांड्यात पडणारी पाण्याची धार बघताना फुलसिंगकाका हुंदका देऊन बाहेर गेले. मग आठवणी सांगायची वेळ आली. उज्ज्वला बोलली. उत्तम बोलली. बाबांचं मुंबईला जाणं, परत येणं, समुद्राचा माणूस आणि धरणाचं पाणी. मधे दोन पाली गाथा अर्थासह. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले. एक जण म्हणाला, शिकल्याचा हा फायदा. सगळ्यांना चहा दिला तो भाड्यानं आणलेल्या गॅसच्या शेगडीवर झाला होता. उज्ज्वलानं तो घेतला नाही, आणि लोकांना वाटलं, दुःखानं.

महिन्याभरानं कॉलेजच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. नॉर्वेच्या त्या म्हाताऱ्याचं. आत कापसात गुंडाळलेली एक पितळी चकती आणि चिठ्ठी : मी आता बोट विकली, स्टोव्हचे भाग ठेवले होते, त्यात ही मिळाली. पैसे पाठवू नका. तुमच्या वडिलांना सांगा, चहा झाला की मला कळवा. उज्ज्वलानं चिठ्ठी वाचली, घडी केली, डाव्या खणात ठेवली. मग हसली. चार पोरं वर बघू लागली. तिनं रचलेल्या सगळ्या थापांपैकी एक थाप, उशिरा का होईना, नॉर्वेहून स्वतःच्या खर्चानं खरी होऊन आली होती.

आणि खरं सांगायचं तर ती सुटली होती. नवी चकती बसवायची, बाबांच्या बोटीत एकदा चहा करायचा, आणि जुनी धरणात सोडून द्यायची. पाण्यात हरवली असं सगळे मानतच होते. आता ती खरंच पाण्यात असेल. तेवढ्याचसाठी तिनं जुनी पर्समध्ये घेतली. स्वतःला मात्र ‘मापासाठी असू द्यावी’ असं सांगितलं.

रविवारी ती आसेगावला आली. फुलसिंगकाका बोट घेऊन काठाला उभे होते. शीड महिन्यात कुणी उलगडलं नव्हतं.

“आली का नॉर्वेची?” त्यांनी विचारलं. “लय वाट पाह्यली त्यानं. मी म्हणो, सोड ना बे, गॅस घे. तं म्हणे, पोरगी शोधून राह्यली, मिळन. न मिळाली तरी चालन म्हणे.”

“न मिळाली तरी चालेल? असं म्हणाले?”

“एकडाव म्हणला. काहून म्हणला, त्यालेच मालूम.”

उज्ज्वलानं स्टोव्ह मांडीवर घेतला. नॉर्वेची चकती काढली. देखणी होती, चकचकीत. तिनं ती खाचेत सरकवली. ती अर्ध्यावर अडकली. उलटी करून बघितली. दाबून बघितली. फुलसिंगकाकांनी चाकूच्या मुठीनं ठोकून बघितली.

“नाही बसत,” ते म्हणाले. “नंतरच्या बनावटीची दिसते. भोक बी इकडं हाये. घासली तरी नाही बसायची.”

उज्ज्वलानं ती काढून बोटीतल्या फळीवर ठेवली. अकरा महिने त्या साइटवर ती स्वतः सगळ्यांना बजावत होती, मागवण्याआधी मॉडेलचा नंबर तपासा. कॅप्टननं स्वतःचा नंबर तपासला नव्हता. जी वस्तू मिळवायचीच नाही तिचा नंबर कोण तपासतं?

“चाल मंग,” काका म्हणाले, “थर्मास आणला असंन तं काढ.”

थर्मास तिनं आणला नव्हता. स्पिरिटची बाटली, दूध, साखर, चहापत्ती, आगपेटी आणि तुराटीची काडी एवढंच आणलं होतं. तिनं पर्स उघडली, जुनी चकती काढली आणि खाचेत सरकवली. ती आवाज न करता बसली. सायकलच्या तारेची खिळी आत गेली.

फुलसिंगकाका पुढे वाकले. चकतीच्या कडेला, बोट लागायच्या जागी, कानशीनं घासलेली एक खूण होती.

“हे तं ग्यानबाचीच हाये,” ते म्हणाले. “हे खूण माह्यासमोर केली त्यानं. कोठं सापडली?”

उत्तर तयार होतं. धरणाचं पाणी उतरलं होतं, काठाला चिखल उघडा पडला होता. ‘आताच चिखलात दिसली’ म्हणायचं. उज्ज्वलानं तोंडही उघडलं.

“माझ्या टेबलाच्या खणात होती, काका. मीच काढली होती.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग चकतीकडे. मग ते बराच वेळ शिडाची दोरी सोडवत राहिले, एरवी तीन गाठी सोडवायला एवढा वेळ लागत नाही.

“जाळं टाकलं होतं आमी,” ते शेवटी म्हणाले. “सात माणसं लावली होती.”

“हो.”

“रोहू खाल्ला तू.”

“दोनदा घेतला.”

“मंग मले कायले सांगते? मी का तुहा बाप हावो?” ते सुकाणूवर जाऊन बसले. “बस आत. वारा हाये तवर निघू.”

शीड उलगडलं. ‘प्रवेश सुरू’ वाऱ्यानं फुगलं आणि बोट काठापासून सुटली. मधे पोचल्यावर उज्ज्वलानं स्टोव्ह दोन खिळ्यांवर टांगला, डब्यात बाबांसारखं बेतानं स्पिरिट ओतलं, बाटली बंद करून दूर ठेवली, पदर खोचला, काडी ओढली. काहीच दिसलं नाही. तिनं तुराटीची काडी वर धरली. टोकातून धूर निघाला, मग टोक लाल झालं.

तिनं पातेलं ठेवलं. वाऱ्याचा झोत आला, बोट डाव्या अंगावर कलली, तिनं घाबरून कड धरली. स्टोव्ह कलला नाही. बोटीतल्या तिघांत तेवढा एकच सरळ उभा होता. चहा उकळला, वर आला. तिनं बोट खुणेवर ठेवून पापणी अर्धी लोटली, तो खाली बसला. बाबांनी सांगितलेली रत्नागिरीची खिचडी तिला आजपर्यंत थोडी वाढवून सांगितलेली वाटायची. थेंबही सांडला नव्हता.

तिनं काकांना कप दिला. ते एक घोट प्याले.

“वास येते,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी सुकाणू धरून तोंड दुसरीकडे, तांड्याच्या दिशेला वळवलं आणि तिकडेच बघत बसले.

उज्ज्वलानं पापणी पूर्ण लोटली. विझलं असावं. तिनं काडी पुन्हा वर धरून पाहिलं. काडी तशीच राहिली. समोरच्या फळीवर, जिथं बाबा बसायचे, तिथं नॉर्वेची चकती उन्हात पडली होती. बाबांशी ती नेहमी पुस्तकातली भाषा बोलायची. मुंबईहून वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्याशी बोलायची तीच सवय पुढे राहून गेली होती. घसा खाकरून तिनं सुरुवात केली, पुण्यानुमोदनाला केली होती तशीच, आणि पहिलंच वाक्य अर्ध्यात सोडून दिलं. मग पुन्हा बोलली. मोठ्यानं बोलली, कारण शिडाचा आवाज होत होता.

“बाबा, पापणी माह्याच जवळ होती. पहिल्यांदा भेव वाटलं म्हणून घेतली. मंग तुमी रोज दीड वाजता फोन करत होते, म्हणून देली नाही. मले पापणी नव्हती पाह्यजे, बाबा. मले तुमचा फोन पाह्यजे होता.”